गेमच्या डब्यातलं उभं पीक

मी बी.एस्सी. आहे. इलेक्ट्रॉनिक्स. हे माझ्या दुकानाच्या पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे आणि त्याबद्दल शेजारचे बाशाभाई मला गेली कित्येक वर्षं टोमणे मारत आले आहेत. बाशाभाईंचं रिक्षाच्या सीट शिवायचं दुकान आहे. "अक्का, अंदर काय मिळतं ते बारीक, और तुम क्या सीख के आये वो मोठं! गिराईक को समजता नै, ये दुकान है का कॉलेज है." मी म्हणते, समजू नये. आमच्या घराण्यात तुम्ही कितीही मागं जा, कॉलेजची पायरी चढलेलं माणूस सापडणार नाही. माझे वडील मागावर चादरी विणायचे, अम्मा विड्या वळायची, अजूनही वळते. तेव्हा पहिल्या पदवीधराने पाटी जरा मोठी लावली तर सोलापूरचं काही बिघडत नाही.

मासिकाच्या ताई म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण वाचणाऱ्यांना कळेल असं लिहा. आता माझं काम म्हणजे गेमच्या डब्यात चिप बसवणं. हे ऐकून बटाट्याचे चिप्स विचारायला येणारे खूप भेटले, म्हणून नीट सांगते.

टीव्हीला जोडून गेम खेळायचा जो डबा असतो, तो स्वभावाने संशयी असतो. आत डिस्क घातली की तो आधी विचारतो, तू कंपनीची आहेस का? डिस्क कॉपी केलेली असेल तर तिला उत्तर देता येत नाही, मग डबा तिला बाहेर ढकलतो. लग्नाच्या कार्यालयात दारात एक काका उभे असतात ना, "कुणाकडचे?" म्हणून विचारणारे, तसं. चिप म्हणजे त्या काकांच्या शेजारी उभा राहणारा आपला माणूस. डिस्क आली की हा आधीच म्हणतो, "आपलेच आहेत, मुलाकडचे, सोडा." काका सोडतात. पंगत बसते.

कंपनीला हे अजिबात आवडायचं नाही आणि कंपनीचं चुकत होतं असंही मी म्हणणार नाही. पण आमच्या भागात खरी डिस्क काचेच्या कपाटात बघायलाही मिळायची नाही. ज्याची कॉपीच मिळते, त्याने काय करावं? कायद्याने याचं उत्तर दिलेलं आहे, मला माहीत आहे. मी फक्त विचारते आहे.

डबे सुरुवातीला गरीब होते. मोठा बोर्ड, कथलाचे ठळक टाके, चार तारा लावल्या की झालं. पुढे कंपन्या हुशार झाल्या आणि शेवटी जो डबा आला त्याचं नाव मी 'खडूस' ठेवलं. त्याचा स्क्रू कुठल्याच पेचकसाला बसायचा नाही. आत बोर्ड तळहाताएवढा, आणि जिथे तार जोडायची ते ठिपके राजगिऱ्याच्या दाण्याएवढे. एक ठिपका उखडला की डबा गेला. पुण्याहून परत पाठवलेले खडूस माझ्याकडे येत. विडीला दोरा गुंडाळून लहानपण गेलेल्या बोटांना केसाएवढ्या तारेची भीती वाटत नाही. डोकं बी.एस्सी.चं, बोटं विडीची. दोन्ही मी कष्टाने मिळवलेली आहेत.

दुकानाचा एकच नियम होता. मी तार जोडत असताना पंखा बंद, बाशाभाईंचं मशीन बंद, आणि गिऱ्हाइकानं हसायचं नाही. सोलापूरचा मे महिना आणि बंद पंखा म्हणजे काय, ते सोलापूरकराला सांगायला नको. एकदा एक मागवाले सावकार घाम पुसत म्हणाले, "अक्का, ह्यापेक्षा आमचा गेम परवडला असता न खेळलेला." त्यांचा डबा उघडला, तर आत कारखान्यातला कापूस जाऊन जाऊन अशी गादी झालेली की चिप काढून उशी शिवावी. खरं तर तशी शिवली असती तर तो डबा जास्त कामाला आला असता.

माणसंही एकेक. शिंदे बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने माझ्याकडून खडूसमध्ये चिप बसवून घेतली. परीक्षेआधी बाई आल्या, तोंडावर पदर. "चिप काढून टाका. पण त्याला कळू देऊ नका." मी काढली. परीक्षा झाली, मुलगा आला, "अक्का, चिप खराब झाली वाटतं." मी तीच परत बसवली. पुढच्या परीक्षेआधी बाई परत. असं इतक्या वेळा झालं की त्या डब्याचे स्क्रू मला बघून आपोआप ढिले व्हायचे. शेवटी मुलगा नोकरीला लागून बंगळूरला गेला. बाईंनी चिप काढून घेतली, डबा भंगारात घातला आणि चिप माझ्या हातावर ठेवून बजावलं, "ही जपून ठेवा. पण कुणाला द्यायची नाही. एक पोरगं वाचवलंय मी हिच्यापासून." मी ती कापसात गुंडाळून खणात ठेवली. ती चिप लक्षात ठेवा.

आता मल्लप्पा काकांकडे येते.

काका अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचे. घरची चांगली शेती, बोलणं निम्मं कानडी, आणि स्वभाव सगळाच कानडी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मुलाने त्यांना सोलापुरात आपल्या घरी आणून ठेवलं. घरात नातवाचा खडूस पडून होता. नातू शिकायला पुण्याला गेलेला, चिप माझीच बसवलेली. काकांना दिवसभर करमेना. मग नातवाने सुट्टीत त्यांना एक शेतीचा गेम लावून दिला. पेरायचं, पाणी द्यायचं, गाई पाळायच्या, पीक काढायचं. काका म्हणे पहिले दोन दिवस रिमोट उलटा धरून त्याच्यावर रागवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी टीव्हीवरच्या बातम्या कायमच्या बंद केल्या. सुनेला मालिका बघायची तर काकांचा नांगर थांबेपर्यंत थांबावं लागे.

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी दिसलं ते असं. थंडीचे दिवस, सकाळी रिक्षा थांबली, आणि त्यातून एक धोतर-टोपीवाले म्हातारे काठी टेकत उतरले. काखेत सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. आजारी करडू आणलंय असं वाटावं, इतक्या मायेने धरलेलं.

"तूच काय चिपवाली?" त्यांनी विचारलं.

"हो काका. काय झालं?"

"लई आत गेलंय बघ." त्यांनी चादर उघडली. आत खडूस. आणि वास आला. लसणाचा, ताकाचा, कढीपत्त्याचा.

मी डबा कानाशी धरून हलवला. आत पाणी डुचमळलं.

"काका, हे काय आहे आत?"

"आंबील."

बाशाभाई सीट शिवायची सोडून दारात आले.

मग काकांनी सांगितलं, आणि तेही असं सांगितलं जसं मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं. आदल्या दिवशी येळ अमावस्या होती. आमच्याकडच्या, म्हणजे अक्कलकोट-मैंदर्गीकडच्या वाचकांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. त्या दिवशी घरदार शेतात जातं, कडब्याची खोप करतात, पाच दगड पुजतात, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे जेवतात आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील उभ्या पिकावर शिंपडत शेताभोवती आरोळी देत फिरतात. काका जन्मापासून एक वर्ष चुकले नव्हते. यंदा डॉक्टरांनी सांगितलं, रानात पाऊल ठेवायचं नाही.

"मग म्हटलं, रान न्हाय तर न्हाय, हे तर हाय की," काका म्हणाले. "जोंधळा कंबरेएवढा उभा हाय माझा. पाच खडे मांडले टीव्हीपुढं. चारी कोपऱ्यांत आंबील शिंपडली. सून बोंबलायली तिकडं. मग माझ्या ध्यानात आलं, शेत दिसतंय टीव्हीत, पन हाय ह्या डब्यात. नातवानंच सांगितलतं. मग शिंपडायचं कुटं? मुळाशीच शिंपडाय पायजे की नको?"

"बरोबर है," बाशाभाई म्हणाले. "मुळाशीच पाहिजे."

"बाशाभाई, तुम्ही आत जा."

"वरनं जाळी होती," काका म्हणाले. "म्हटलं, सोयच करून ठेवलीया."

ती जाळी हवा खेळण्यासाठी असते. मी स्टूल पुढे केलं. काका स्टुलावर बसले, काठी गुडघ्यात धरली, आणि मग मात्र त्यांचा आवाज खाली आला. "यव्वा, उभं पीक हाय आत. काढणीला आलेलं. एवढं वाचीव." कानडीत लेकीलाही आईच म्हणतात, यव्वा. माझं तेलुगू घर, पण तो शब्द मला बरोबर लागला.

थोड्या वेळाने त्यांचा मुलगा त्यांना न्यायला दुकानात आला. भला माणूस. म्हणाला, "अक्का, ह्यात डोकं घालू नका, मी नवाच डबा आणून देतो." नवा डबा का चालणार नाही, हे मला दोघांनाही समजावून सांगावं लागलं. खडूसची खोड अशी, की खेळलेलं सगळं आतल्या एका तबकडीवर लिहिलेलं असतं, पण ती तबकडी तिच्याच बोर्डाला ओळखते. दुसऱ्या डब्यात घातली तर ती गप्प बसते.

"म्हंजे सातबारा ह्याच बोर्डाच्या नावावर," काका म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग नवा डबा घिऊन काय करू? परक्याचं रान ते." त्यांनी मुलाकडे बघितलं. "बोर्ड जगला पायजे."

डबा उघडला. असा नजारा मी माझ्या धंद्यात पाहिला नाही. चिपवर कढीपत्त्याचं एक पान व्यवस्थित पसरलेलं, जसं कुणी नैवेद्याला ठेवावं. पंख्यात लसणाची पाकळी. ताकाच्या आंबटाने तांबं हिरवं पडू लागलेलं. मी सगळं सुटं केलं, स्पिरिट आणि मऊ ब्रशने घासून धुतलं, आणि घरी नेऊन गच्चीवर सुपात उन्हाला ठेवलं. शेजारच्या सुपात अम्माची विडीची पानं होती. अम्मा म्हणाली, "चदुवु चदुवु करत घर डोक्यावर घेतलंस, आणि आता हे पापड वाळवतीस?" चदुवु म्हणजे शिक्षण. अम्माच्या तोंडात तो शब्द अभिमानाचा आहे की तक्रारीचा, ते मला आजवर कळलेलं नाही.

काका रोज रिक्षा करून दुकानात येऊ लागले. घरात टीव्हीकडे पाठ करून बसतात, जेवणही अर्धं टाकतात, असं सुनेने फोनवर सांगितलं होतं, म्हणून मीही त्यांना येऊ नका म्हणत नसे. ते स्टुलावर बसत आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"आत गाई हायत माझ्या. त्यांची धार कोन काढतंय?"

"काका, डबा बंद असला की आतली वेळ थांबते. गाई आहेत तशाच आहेत. भूक नाही, तहान नाही."

काकांनी यावर पुष्कळ विचार केला. "असलं कुटलं गाव हाय यव्वा, जितं वेळच थांबतीया?"

"सोलापूर, काका," बाशाभाई पलीकडून ओरडले.

आम्ही दोघंही हसलो. काका हसले नाहीत. त्यांच्या मते गाई गोठ्यात हंबरत होत्या आणि आम्ही दोघं दगड होतो.

बोर्ड वाळला. जोडला, बटण दाबलं, आणि दिवा लागला. काका उठून उभेच राहिले. पण पडद्यावर गेम आला नाही. डिस्क आत फिरायची आणि डबा तिला बाहेर ढकलायचा. कार्यालयाच्या दारातले ते काका जागे झाले होते, आणि आपला माणूस मेला होता. चिप ताकाने खाल्ली होती.

तशी चिप आता कुठे मिळत नाही. डबाच जुना झाला, चिप बनवणारे दुसऱ्या धंद्याला लागले. मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. मुंबईचा एक जण माझ्यावर हसला. "खडूस? अजून कोण चालवतं?" मी म्हटलं, एक शेतकरी चालवतो. त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे.

आणि मग खणातली कापसाची पुडी आठवली.

वचन दिलं होतं, म्हणून मी शिंदे बाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. बाई गंभीरपणे ऐकत होत्या. गणिताच्या बाई, त्यामुळे शेवटपर्यंत मध्ये बोलल्या नाहीत.

"त्यांचं वय काय?"

"सत्तरीच्या पुढे आहेत."

"परीक्षा वगैरे काही?"

"गुडघ्याची झाली. पास झाले."

"आणि तो मारामारीचा गेम नाही? शेतीचा आहे?"

"शेतीचा."

"द्या मग. माझ्या पोराने चार वर्षं त्या चिपवर नुसत्या गाड्या ठोकल्या. निदान कुणाला तरी तिच्यातून काहीतरी पिकवू द्या."

जोडायच्या दिवशी बाशाभाईंनी न सांगता मशीन बंद केलं आणि काकांच्या शेजारी येऊन बसले. मी भिंग लावलं. जिथे तार बसवायची, त्यातला एक ठिपका उरलाच नव्हता. राजगिऱ्याचा दाणा गळून गेला होता. आता एकच उपाय. बोर्डाच्या अंगातली रेघ, केसाहून बारीक, ती खरवडून तिच्यावर टाका घालायचा. चुकलं की रेघ तुटणार, आणि रेघ तुटली की सातबारा गेला.

"काका," मी मान वर न करता म्हटलं, "हे नाही जमलं तर?"

"पेरताना कोन विचारतंय असलं?" काका म्हणाले. "पेर तू."

मी खरवडलं. तार ठेवली. श्वास धरला. आणि नेमकी त्याच क्षणी बाशाभाईंना शिंक आली. येऊ पाहात होती म्हणा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तर काकांनी बाशाभाईंचं नाक दोन बोटांत असं दाबून धरलं होतं जसं बैलाची वेसण धरावी. बाशाभाईंचे डोळे बाहेर आले. टाका बसला. मी मान वर केली, काकांनी नाक सोडलं, आणि मग जी शिंक आली तिने रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं.

डबा लावला. डिस्क फिरली. थांबली. परत फिरली. आणि दुकानातल्या छोट्या टीव्हीवर हिरवंगार शेत उभं राहिलं. पाखरं ओरडली. एक गाय हंबरली.

"गंगव्वा!" काका म्हणाले.

मी बघितलं, ते मक्याचं पीक होतं. पण काकांच्या घरात त्याला जोंधळा म्हणायचं ठरलेलं होतं, तेव्हा जोंधळाच. कणसं भरून वाकलेली, होती तिथेच. काकांनी सगळ्या गोठ्यात फेरी मारली, एकेक गाय बघितली, आणि रिमोट खाली ठेवला.

"खरंच थांबलीवती वेळ," ते हळूच म्हणाले. मग गुडघ्यावर हात फिरवला. "ह्यो डबा आधी भेटला असता तर गुडघाबी त्याच्यातच ठेवला असता."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत गुडघा चालू लागला. मैंदर्गीला जायच्या आदल्या दिवशी काका परत दुकानात आले. काखेत तीच चादर.

"काय सांडलं, काका?"

"काय न्हाय सांडलं." त्यांनी खडूस माझ्या टेबलावर ठेवला. "तिकडं मला रान हाय. दोन दोन शेतं एकटा मानूस कसं करनार? हे तू कर. निम्म्यानं."

"निम्म्यानं म्हणजे?"

"बी.एस्सी. हायस न्हवं? निम्मं तुजं, निम्मं माजं. पानी चुकवू नको. गंगव्वा कास हलवती, जपून धार काढ."

मी नको म्हणणार होते. काकांनी हातावर हात मारून व्यवहार पक्का केला आणि बाशाभाईंना साक्षीदार केलं. बाशाभाईंनी नाकाला हात लावून साक्ष दिली.

आता चिपचं काम जवळपास संपलं आहे. नवे डबे इंटरनेटवरून थेट कंपनीला विचारतात, दारातले काका मोबाइलवर यादी बघून सोडतात, तिथे आपला माणूस उभा करून उपयोग नाही. मी मोबाइलच्या चार्जिंगच्या पिना बदलते. हात तेच, पण त्यात बोटांना आव्हान नाही. कधीतरी कुणी हातात मावणारा नवा खडूस घेऊन येतो, तेव्हा मी पंखा बंद करते आणि बरं वाटतं. तेवढंच.

पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शेत करते. दर आठवड्याला मैंदर्गीहून फोन येतो. पाऊस कसा काय, असं काका विचारतात. मी माझ्याकडचा सांगते, ते त्यांच्याकडचा सांगतात. माझ्याकडचा पाऊस वेळेवर पडतो, त्याचा त्यांना थोडा राग येतो. आणि सुगीनंतर एसटीने एक पोतं येतं. खऱ्या ज्वारीचं. पहिल्यांदा मी घाबरून फोन केला, तर काका म्हणाले, "तुज्या डब्यातलं निम्मं तू हितं कसं धाडनार? म्हनून हितलं तिकडं धाडलं. हिशेब एकच की." अम्माने त्या ज्वारीच्या भाकरी केल्या आणि पहिली भाकर देवापुढे ठेवली. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिली शेतकरीण पण मीच. बाशाभाई म्हणतात, तेही पाटीवर लिही. जागा उरलेली नाही, नाहीतर लिहिलं असतं.

येळ अमावस्येला पोत्याऐवजी आंबिलीची कळशी येते, आणि पाठोपाठ फोन.

"यव्वा, शिंपडलीस का शेताला?"

"शिंपडली की काका. चारी कोपऱ्यांत."

"मुळाशी?"

"मुळाशी पण."

मग मी आणि बाशाभाई दोन दोन पेले आंबील पितो आणि आरोळी देतो. खडूस मागे तीन पदरी चादरीत झाकून, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेला असतो. उभं पीक आहे आत. आणि मी बी.एस्सी. आहे.